गाइड निवडताना एच-इंडेक्स पाहावा का? (बडोदं, जैवतंत्रज्ञान; बोलणाऱ्यांची नावं बडोद्यातल्या भागांवरून)

रावपुरा: एमएस्सी झालेली मुलं बडोद्यात पीएचडीसाठी गाइड शोधायला लागली की पहिला प्रश्न ठरलेला, ‘सरांचा एच-इंडेक्स किती?’ एच ७ म्हणजे किमान सात पेपर असे, ज्यांना प्रत्येकी किमान सात सायटेशन्स (इतर लेखांनी दिलेले संदर्भ) आहेत. माझं मत, त्या आकड्यावरून गाइड ठरवू नये. नमुन्यादाखल दहा पेपर घ्या. त्यांची सायटेशन्स: ३१०, ४२, २८, १९, ११, ९, ७, ६, ३, ०. बेरीज ४३५. त्यातला ३१०चा पेपर रिव्ह्यू, म्हणजे इतरांच्या कामाचा आढावा, आहे असं धरा. म्हणजे ७१ टक्के सायटेशन्स अशा लेखाची, ज्यात लॅबचा एकही प्रयोग नाही.

न्यायमंदिर: बोट एच-इंडेक्सकडे दाखवलंत आणि उदाहरण दिलंत एकूण सायटेशन्सचं. तुमच्याच यादीत एच काढा. उतरत्या क्रमात सातव्या पेपरला ७ आहेत, आठव्याला ६. म्हणून एच ७. आता रिव्ह्यू काढून टाका. बेरीज ४३५वरून १२५वर कोसळते, एच मात्र ७चा ६ होतो. भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी २००५ साली हे माप सुचवलं ते यासाठीच, एखाद्या गाजलेल्या पेपरने डोळे दिपू नयेत म्हणून. आकडाच नको म्हटलं तर उरतं काय? ओळखपाळख आणि ऐकीव कौतुक. बाहेरगावच्या मुलाचं त्यात नुकसानच होतं.

मांडवी: हिशेब बरोबर. पण एच-इंडेक्स वयाबरोबर वाढतो, कमी कधी होत नाही. पाच वर्षांपूर्वी लॅब थांबली असली तरी आकडा चढतच राहतो. हिर्श यांनीच तो कारकिर्दीच्या वर्षांनी भागायलाही सुचवलं होतं, ते कुणी करत नाही. दुसरं म्हणजे लेखकांच्या यादीतली जागा. आपल्या विषयात पहिलं नाव सहसा प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्याचं, शेवटचं लॅबप्रमुखाचं. चौदा जणांत नववं नाव असलेला पेपरही एचमध्ये पूर्ण मोजला जातो.

दांडियाबाजार: मुळात आकडा त्याच माणसाचा आहे का, ते आधी पाहा. ‘एस. पाटील’, ‘ए. जोशी’ अशा नावांत गूगल स्कॉलर (पेपर आणि सायटेशन्स मोजणारी साइट) दुसऱ्याचे पेपर सहज घुसवतं. स्कोपस या तशाच दुसऱ्या साइटवर उलटं होतं. एकाच विद्यापीठाचा पत्ता कधी ‘एम. एस. युनिव्हर्सिटी’, कधी ‘महाराजा सयाजीराव’, शहर कधी बरोडा, कधी वडोदरा, आणि एका माणसाच्या दोन प्रोफाइल होतात. म्हणून ऑर्किडचा (ORCID, प्रत्येक संशोधकाची वेगळी ओळख) १६ अंकी क्रमांक शोधा आणि त्यावरून यादी जुळवा. मग स्कोपसमध्ये स्वतःची सायटेशन्स वगळायचा पर्याय लावून फरक बघा. थोडा फरक पडणारच, एकाच विषयावर सलग काम करणारा स्वतःचा आधीचा पेपर देतोच. आकडा निम्म्यावर आला तर मात्र थांबून विचारा.

सुरसागर: सायटेशन कशासाठी मिळालं, हे कुठल्याच आकड्यात दिसत नाही. टिश्यू कल्चर, म्हणजे वनस्पतीच्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत रोप वाढवणं, घ्या. तयार पुडीतलं सुमारे ४.४ ग्रॅम मीडियम (पोषक मिश्रण), ३० ग्रॅम साखर, पीएच ५.८, ८ ग्रॅम अगर, पाणी एक लिटर. हे लिहिलं की मुराशिगे-स्कूग १९६२ हा त्या मीडियमच्या मूळ पेपरचा संदर्भ हात आपोआप जोडतो, तो पेपर न उघडताही. लॉरी यांच्या १९५१च्या प्रोटीन मोजण्याच्या पेपरला तीन लाखांवर सायटेशन्स आहेत, वॉटसन-क्रिकच्या १९५३च्या डीएनए-रचनेच्या पेपरला त्याच्या जवळपासही नाहीत. पद्धत उपयोगी होती, म्हणून तो मान रास्तच आहे. पण दोन्ही आकडे एका तराजूत घालता येत नाहीत. गाइडच्या एका पेपरला सायट करणारे १५ लेख उघडा. उल्लेख प्रस्तावनेतल्या ‘इतरांनीही काम केलं आहे’ छापाच्या वाक्यात आहे, पद्धतीत आहे, की निष्कर्ष ताडून पाहताना? तिसरा प्रकार दोनतीनदा सापडला तरी मी त्याला मोठं वजन देईन.

न्यायमंदिर: १५ लेख वाचायचे, आणि गाइड पाहायचे आठ. मुलगा एवढं कधी करणार? पहिली चाळणी आकड्यानेच लागेल.

रावपुरा: चाळणीच हवी तर शोधगंगा, म्हणजे भारतीय पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह, घ्या. तिथे गाइडच्या नावाने प्रबंध सापडतात. गेल्या आठेक वर्षांतले चारपाच काढा आणि प्रत्येक विद्यार्थ्याचं नाव पेपरच्या यादीत पाहा. पहिलं नाव त्याचं आहे का? नोंदणीनंतर किती वर्षांनी छापून आला? प्रबंधात तीन प्रकरणं प्रयोगांची आणि पेपर एकही नाही, असं वारंवार दिसलं तर एच ३० असला तरी त्या लॅबपासून लांब राहा. एका संध्याकाळचं काम आहे.

मांडवी: एक अपवाद धरा. एंझाइम किंवा लसीवर काम असेल तर पेटंटसाठी पेपर मुद्दाम रोखलेला असू शकतो. अशा वेळी भारतीय पेटंट कार्यालयाच्या साइटवर गाइडचं नाव टाकून शोधा. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. त्यात शोधकांच्या यादीत विद्यार्थ्याचं नाव आहे का, तेवढं बघून या.