मदत हवी आहे: शाळेच्या व्हॅनमध्ये पंधरा मुलं, शाळा म्हणते आमचा संबंध नाही. दाद कुठे मागायची?

निरगुडी

नमस्कार. आम्ही पिंपरी-चिंचवडला राहतो. मुलगी दुसरीत आहे. शाळेची बस आमच्या बाजूला येत नाही, म्हणून सोसायटीतली बहुतेक मुलं एका खासगी व्हॅनने जातात. गाडी ड्रायव्हर धरून सात आसनी. या आठवड्यात दार उघडल्यावर आतली मुलं मोजली, पंधरा होती. दोन सीटांच्या मधे आडवी फळी टाकून तिच्यावर चार जण. मागे सीएनजीच्या टाकीवर दप्तरं रचलेली आणि त्या दप्तरांवर दोघं. पुढे ड्रायव्हरच्या शेजारच्या एका सीटवर दोन पोरं, पट्टा कुणालाच नाही.

मदतनीस बाई नाहीत. परतताना आमचा थांबा शेवटचा, त्यामुळे शेवटचा टप्पा मुलगी गाडीत एकटी असते. नेहमीचे काका सज्जन आहेत, मुलं त्यांना घाबरत नाहीत. पण ते आले नाहीत की कुणीतरी बदली माणूस येतो आणि त्याचं नावही आम्हाला सांगितलं जात नाही. गाडी चालवताना फोन तर दोघंही घेतात.

शाळेत विचारलं. कार्यालयातून उत्तर आलं की व्हॅन पालकांनी ठरवलेली आहे, शाळेचा तिच्याशी करार नाही, आम्ही काही करू शकत नाही. सोसायटीतल्या पालकांचं म्हणणं, "इतकी वर्षं काही झालं नाही, तक्रार केली आणि काकांनी गाडी बंद केली तर मुलांना सोडणार कोण?" हा प्रश्न मलाही आहे. आम्ही दोघंही नोकरी करतो, सकाळी सातला शाळेत सोडून परत येणं रोज जमणार नाही.

मला काकांचा धंदा बुडवायचा नाही. पण मुलगी अशी पाठवताना रोज जीव खालीवर होतो. नियम नक्की काय आहेत? शाळा अशी मोकळी होऊ शकते का? सुरुवात कुठून करू?

दस्तऐवज

शाळेचं उत्तर मान्य करू नका. महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ पासून मोटार वाहन कायद्याखाली वेगळे नियम आहेत. त्यांत प्रत्येक शाळेत शालेय परिवहन समिती असावी असं म्हटलं आहे आणि तिचे अध्यक्ष मुख्याध्यापक असतात. पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी, पोलीस, आरटीओचे निरीक्षक आणि शिक्षण विभाग यांचीही माणसं समितीत असतात. वाहनांची कागदपत्रं तपासणं, थांबे ठरवणं, भाड्याचा विषय पाहणं ही तिची कामं. शाळा आणि वाहतूकदार यांच्यातल्या कराराचा नमुनासुद्धा नियमांसोबत दिलेला आहे. म्हणजे करार नाही हे कारण सांगून शाळा सुटत नाही, करार का नाही याचंच उत्तर तिला द्यावं लागेल.

म्हणून पहिला प्रश्न लेखी विचारा: समितीत कोण कोण आहे आणि शेवटची बैठक कधी झाली? अनेक शाळांत समिती फक्त कागदावर असते. असा अर्ज आला की ती जागी होते, हे मी आमच्या मुलांच्या शाळेत पाहिलं आहे.

गाडीबद्दल दोन गोष्टी सांगा. नंबरची पाटी पांढरी (खासगी वापराची) आहे की पिवळी (भाड्याने चालवायच्या गाडीची)? आणि एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून योग्यता प्रमाणपत्राची, म्हणजे पासिंगची तारीख पाहा.

निरगुडी

पाटी पिवळी आहे. विमा चालू दिसतो. पासिंगची मुदत मात्र संपून गेली आहे.

दस्तऐवज

मग फळी आणि गर्दी यांच्याही आधी हा मुद्दा घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे योग्यता प्रमाणपत्र नसेल तर वाहतुकीच्या गाडीची नोंदणीच वैध धरली जात नाही. ब्रेक, टायर, दारांच्या कड्या, वायरिंग हे सगळं त्या तपासणीत पाहिलं जातं. शाळा जूनमध्ये सुरू होतात, त्याआधी मे महिन्यात गाडी पास करून घ्यायची हा चांगल्या वाहतूकदारांचा शिरस्ता आहे.

पारावरचा

मी मोटार अपघात न्यायाधिकरणात दावे चालवतो. एक गोष्ट पालकांना सहसा कुणी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

जास्तीची मुलं बसवण्याचा दंड कलम १९४अ खाली माणशी २०० रुपये आहे. रक्कम ऐकून कुणी घाबरत नाही. खरी अडचण अपघात झाल्यावर कळते. विमा हा परवान्यात आणि नोंदणीत जितकी आसनं आहेत तितक्या प्रवाशांचा असतो. ४२ प्रवाशांची क्षमता असलेल्या एका बसमध्ये ९० जण होते आणि तिला अपघात झाला. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ठरवलं की विमा कंपनीची जबाबदारी ४२ जणांपुरतीच. भरपाईच्या सर्वांत मोठ्या ४२ रकमांची बेरीज कंपनीने भरायची, ती सगळ्यांत प्रमाणात वाटायची आणि उरलेलं गाडीच्या मालकाकडून वसूल करायचं. आता हेच तुमच्या व्हॅनला लावून पाहा. सहा मुलांचा विमा पंधरा घरांत वाटला जाणार आणि बाकीची रक्कम ज्याच्याकडून घ्यायची, त्याच्याकडे बहुधा ती एक व्हॅनच असणार.

परवाना नसलेल्या गाडीबाबतही २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीची बाजू घेतली. कंपनीने आधी पैसे द्यायचे आणि मग मालकाकडून वसूल करायचे, असा तो निकाल आहे. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाड्याने मुलं नेणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

सोसायटीतल्या पालकांना हा भाग वाचून दाखवा. "काही झालं नाही" म्हणणाऱ्यांनाही तो पटेल.

आंबेमोहर

पण लहान मुलं दीडपट बसवता येतात ना? आमचे व्हॅनवाले तसंच सांगतात.

पारावरचा

हा युक्तिवाद तुम्हाला सगळीकडे ऐकवतील. क्षणभर मान्य करू. ड्रायव्हर वगळून सहा आसनं, दीडपट म्हणजे नऊ. पंधरा कुठल्याच हिशोबात बसत नाहीत. आणि फळी हे आसन नाही. जोरात ब्रेक लागला तर तिच्यावरच्या मुलाच्या पाठीला टेकण नाही, हाताला धरायला काही नाही. पुढच्या सीटवरचं तर स्पष्टच आहे: १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा योग्य बंधन न लावता नेलं तर कलम १९४ब खाली १,००० रुपये दंड आहे.

चौथागिअर

ताई, मी बरीच वर्षं विद्यार्थी वाहतूक केली आहे. आधी व्हॅन होती, नंतर मिनीबस घेतली. तुमची काळजी शंभर टक्के रास्त आहे. आमच्या बाजूचंही थोडं ऐका, मार्ग त्यातूनच निघेल.

व्हॅनवाल्याला भाडं दहा महिन्यांचं मिळतं, हप्ता बारा महिने भरावा लागतो. विमा, कर, पासिंग, सीएनजी, टायर हे सगळं त्यातूनच. जूनमध्ये पालक दर पाडून मागतात, शेजारचा व्हॅनवाला दोनशे रुपये कमी घेतो म्हणतात. मग तो माणूस दर कमी करतो आणि मुलं वाढवतो. फळी अशी येते. मदतनीस बाईंचा पगार तर कुणीच धरत नाही. तक्रार करायच्या आधी सगळे पालक एकत्र बसा आणि विचारा: दहाच्या आत मुलं, मदतनीस ताई, पासिंग वेळेवर, हे सगळं हवं असेल तर भाडं किती? आकडा वाढेल, पण तो खरा असेल.

फोनचं म्हणाल तर अर्धे फोन पालकांचेच असतात. "काका कुठे पोचलात?" असा एका फेरीत पाच घरांतून फोन येतो आणि नाही उचलला की राग. आम्ही ठरवलं की गाडी सुरू असताना फोन मदतनीस ताईंकडे राहील आणि पालकांनी ग्रुपवरचं लोकेशन पाहायचं. तेव्हापासून माझा हात फोनला लागला नाही. आता तर हातात फोन धरून गाडी चालवणं हे कलम १८४ खाली धोकादायक चालवण्यात मोडतं, तुरुंगवाससुद्धा होऊ शकतो.

बदली ड्रायव्हर हा मात्र विषय सोडू नका. आजारपण, लग्नकार्य कुणाला चुकत नाही, पण बदली माणूस आधीच ठरलेला असावा. त्याचं लायसन्स, बॅज आणि पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र यांच्या प्रती शाळेत आणि पालकांकडे हव्यात. अनोळखी माणूस आला तर मूल गाडीत बसवायचं नाही. मी स्वतः माझ्या पालकांना हे सांगून ठेवलं होतं.

दस्तऐवज

चौथागिअर यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोड देतो. नोव्हेंबर १९९७ मध्ये दिल्लीत वजिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत पडली, २८ मुलं गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बसचालकांबाबत आदेश दिले. वर्षात दोनपेक्षा जास्त वेळा सिग्नल तोडण्यासारख्या गुन्ह्यांचं चलान झालेला चालक शाळेच्या बसवर नको. अतिवेग, दारू पिऊन किंवा धोकादायक चालवणं यांसाठी एकदाही चलान झालेलं असेल तर तोही नको. आदेश दिल्लीपुरता होता, पण पुढे इतर ठिकाणच्या नियमावल्यांवर त्याचा ठसा दिसतो. आपल्याकडे महापालिका हद्दीत स्कूल बसला ताशी ४० किलोमीटरचा वेग नियंत्रक आणि मुली असतील तर महिला मदतनीस ही अट २०११ च्या नियमांतच आहे. तुमची मुलगी शेवटच्या टप्प्यात एकटी असते, त्यामुळे मदतनीस हा मुद्दा अर्जात सर्वांत वर ठेवा.

बोरूबहाद्दर

एवढं समजावत बसण्यापेक्षा सरळ आरटीओत फोटो टाका. त्यांचं वायुवेग पथक, म्हणजे रस्त्यावर गाड्या तपासणारं फिरतं पथक येईल, गाडी उचलेल. मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे, त्यात कसली चर्चा?

पारावरचा

चीड समजते. पण गाडी सकाळी सातला रस्त्यात अडवली तर आत हीच पंधरा मुलं असतील. जास्तीचे प्रवासी उतरवून त्यांची दुसरी सोय होईपर्यंत गाडी हलू द्यायची नाही, असं कलम १९४अ मध्येच आहे. सोय कोण करणार, हे आधी ठरलेलं हवं. आधी समिती, मग लेखी मुदत, मुदत पाळली नाही तर आरटीओ आणि शिक्षण विभाग. चालक नशेत आहे, किंवा मुलांशी वागणुकीबद्दल शंका आहे, अशा वेळी मात्र एक मिनिटही थांबायचं नाही. थेट ११२ किंवा मुलांसाठीची १०९८.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत राहते, इथली व्यवस्था तिकडे जशीच्या तशी येणार नाही. एक पद्धत मात्र फुकट आहे, ती घ्या. फेरी संपली की चालकाने शेवटच्या सीटपर्यंत जाऊन एखादं मूल झोपून राहिलंय का ते पाहायचं, हे इथे कायद्यानेच बंधनकारक आहे. तुमच्या व्हॅनमध्येही शाळेत आणि शेवटच्या थांब्यावर मागचं दार उघडून पाहायचं, असं ठरवून घ्या. उन्हात उभ्या गाडीत झोपलेलं मूल ही कल्पनाही करवत नाही.

निरगुडी

सगळ्यांचे मनापासून आभार. विम्याचा भाग सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि काल गप्प असलेले पालक आज बोलायला लागले. काकांशीही बोलले. ते चिडले नाहीत. पासिंगला गाडी द्यायची तर दोन दिवस बंद ठेवावी लागेल, तेवढे दिवस पालकांनी आळीपाळीने मुलं सोडली तर लगेच करतो म्हणाले. तेवढं आम्ही करू. मदतनीस ताईंच्या पगारासाठी वाढीव भाडं द्यायला बहुतेक घरं तयार आहेत. आता शाळेला द्यायच्या अर्जात काय लिहू? कुणी मसुदा देईल का?

दस्तऐवज

हा घ्या. लागेल तसा बदला.

"प्रति, मा. मुख्याध्यापक तथा अध्यक्ष, शालेय परिवहन समिती. विषय: विद्यार्थी वाहतुकीच्या सुरक्षिततेबाबत. महोदय, आमची मुलं सोबत दिलेल्या क्रमांकाच्या वाहनाने आपल्या शाळेत येतात. वाहनात आसनक्षमतेपेक्षा जास्त विद्यार्थी बसवले जातात, महिला मदतनीस नाही आणि योग्यता प्रमाणपत्राची मुदत संपलेली आहे. विनंती अशी की समितीची बैठक पंधरा दिवसांत बोलवावी, तीत आम्हा पालकांचे दोन प्रतिनिधी आणि वाहतूकदार यांना बोलवावे, शाळेत विद्यार्थी आणणाऱ्या सर्व वाहनांची व चालकांची कागदपत्रे तपासून यादी सूचना फलकावर लावावी आणि वाहतूकदारांशी नमुन्याप्रमाणे करार करावा. समितीच्या सदस्यांची नावे व मागील बैठकीचे इतिवृत्त आम्हास मिळावे. आपले विश्वासू."

खाली जितक्या पालकांच्या सह्या मिळतील तितक्या घ्या. दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती स्वतःकडे ठेवा. कार्यालयाने शिक्का नाकारला तर तोच अर्ज पोच-पावतीच्या टपालाने पाठवा.

निरगुडी

फार मोठी मदत झाली. एकच शंका. काही पालक सही करायला कचरत आहेत, मुलाला वर्गात त्रास होईल म्हणून. त्यांना काय सांगू?

चौथागिअर

ताई, त्यांना सांगा की अर्ज पालक-शिक्षक संघाच्या नावाने द्या, मग कुणा एकाचं नाव पुढे राहत नाही. संघाच्या प्रतिनिधीला गाठा, तो समितीचा सदस्यही असतोच. आणि काकांनाही त्या अर्जावर सही करू द्या. वाहतूकदारालाही करार हवाच असतो, कारण करार असला की जूनमध्ये दर पाडायला कुणी येत नाही.