सर्पिल की मळसूत्री?

प्रश्न (कराड): शाळेच्या विज्ञान मंडळासाठी सूर्याच्या चुंबकीय क्षेत्रावर टिपण लिहिते आहे. सौरवारा (सूर्यातून सतत बाहेर वाहणारा विद्युतभारित कणांचा झोत) हे क्षेत्र सोबत ओढत बाहेर नेतो आणि सूर्य स्वतःभोवती फिरत असल्यामुळे त्याच्या रेषांना वळण पडतं. हे वळण ‘सर्पिल’ म्हणावं की ‘मळसूत्री’? आणि लांब गेल्यावर क्षेत्र ‘क्षीण होत जातं’ एवढं लिहिलं तर चालेल ना?

उत्तर (मिरज): ताई, सर्पिल लिहा. मळसूत्र म्हणजे स्क्रूचे आटे, फिरता फिरता वर चढणारे. अमेरिकी खगोलभौतिकशास्त्रज्ञ युजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये मांडलेली आकृती ग्रहांच्या पातळीत सपाटच असते. भुईमुगाच्या रानात स्प्रिंकलर फिरताना बघा: थेंब नाकासमोर सरळ जातो, पण हवेतली अख्खी धार वाकलेली दिसते. नेमकं तेच इथे होतं. पृथ्वीपाशी ही रेषा सूर्याच्या दिशेशी साधारण ४५ अंश करते, गुरूपाशी ८० च्या आसपास. त्यापुढे ती जवळपास आडवीच. मुलांना तोंडी सांगताना सरळ ‘वेटोळं’ म्हणा, लगेच कळतं.

उत्तर (तासगाव): सरांचं ग्रहांच्या पातळीपुरतं पटतं, पण ‘मळसूत्री’ मोडीत काढू नका. सूर्याच्या विषुववृत्तापासून वर किंवा खाली गेलं की याच रेषा शंकूवर गुंडाळल्यासारख्या चढत जातात. व्हॉयेजर १ हे नासाचं अंतराळयान उत्तरेच्या अंगाला गेलं, तिथे हाच शब्द चपखल बसतो.

माझा खरा आक्षेप ‘क्षीण होत जातं’ला आहे. सूर्यापासून थेट बाहेर जाणारा भाग अंतराच्या वर्गाच्या पटीत घटतो, आडवा भाग मात्र नुसत्या अंतराच्या पटीत. म्हणून पृथ्वीपाशी सुमारे ५ नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक), गुरूपाशी १ च्या आसपास आणि नेपच्यूनपाशी एक दशांशाच्या घरात. इथवर तुमचं वाक्य बरोबर आहे. पण डिसेंबर २००४ मध्ये, पृथ्वी-सूर्य अंतराच्या ९४ पटींवर, व्हॉयेजर १ अशा जागी पोचलं जिथे सौरवारा एकदम मंदावतो. तो दाटला की त्यातलं क्षेत्रही दाटतं, म्हणजे वाढतं! २५ ऑगस्ट २०१२ ला यान सौरवाऱ्याची हद्द ओलांडून ताऱ्यांमधल्या अवकाशात गेलं, तर तिथे जवळपास अर्धा नॅनोटेस्ला. दिशा मात्र फारशी बदलली नाही, म्हणून हद्द खरंच ओलांडली का यावर शास्त्रज्ञांत बराच वाद झाला.

प्रश्नकर्ती (कराड): मग असं लिहिते: ‘नेपच्यूनपर्यंत क्षीण होत जातं, सौरवारा मंदावतो तिथे पुन्हा दाटतं.’ आकृतीखाली ‘सर्पिल’, कंसात ‘वेटोळं’. शंकूची आकृती वेगळी काढून तिच्याखाली ‘मळसूत्री’.

उत्तर (मिरज): शंकूचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. दोन आकृत्याच द्या.