मधुमेह आहे, पण सकाळचा पाव सुटत नाही: पोई, उंडो की आणखी काही?

रातांबा: सासूबाईंचं वय 68, एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 7.9. मेटफॉर्मिन चालू आहे, न्याहारीआधी ग्लिमेपिराइड. सकाळी पदेराचे (आमच्या गोव्यातल्या पाववाल्याचे) दोन उंडे (गोल पाव), बटाट्याची भाजी आणि गोड चहा. भाकरी नको म्हणतात. रोज वीसेक रुपयांत, दारावर येतो त्याच पावात काय बदलता येईल? महागडे ब्रेड सुचवू नका.

मांडवीकाठ: पणजीत राय (एक धान्य) मिसळलेला सावरडो पाव मिळतो. महाग आहे, पण तब्येतीपुढे पैसे बघू नयेत. लांब आंबवलेल्या पिठात आम्ल तयार होतं, त्यामुळे साखर सावकाश चढते.

कुळागर: वीस रुपये म्हटलंय त्यांनी! पोई घ्या, त्या पावात कोंडा असतो.

तिसवाडीकर: कोंडा पुष्कळदा वरून भुरभुरलेलाच असतो. पोई फाडून बघा. आत पांढरी निघाली तर मैदाच. गव्हाची आतूनही तपकिरी दिसते. पदेराला सरळ विचारा, मैदा किती नि गव्हाचं पीठ किती.

कुळागर: यीस्टऐवजी सुरेवर (माडीवर) फुगवलेली असेल तर फरक पडतो.

तिसवाडीकर: यीस्ट घाला की सूर, पिठातला स्टार्च फारसा घटत नाही.

मोजमाप: पाव कुठलाही असो, आधी वजन करा. पावाच्या वजनाच्या साधारण निम्मं कार्बोहायड्रेट धरायचं. 50 ग्रॅमचा उंडो म्हणजे 25 ग्रॅम. बटाटा आणि चहातली साखर वेगळी मोजायची. आकडा बऱ्याचदा तिथेच फुगतो. बटाट्याऐवजी अळसांद्यांचं तोणाक (चवळीची रसदार उसळ) किंवा अंडं द्या. आधी भाजी-अंडं, पाव शेवटी. पहिल्या घासाआधी आणि त्यानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटर लावा. दोन तासांचा आकडा बहुतेकांसाठी 180 च्या आत हवा, त्यांचं लक्ष्य डॉक्टर सांगतील.

सुशेगाद: कांकणं (बांगडीसारखे कडक पाव) द्या, हलकी असतात.

मोजमाप: नको. पाणी उडालेलं असतं, म्हणून तेवढ्याच वजनात कार्बोहायड्रेट जास्त. टोस्टचंही तेच, वजन भाजण्याआधी करा.

म्हापशेकार: ब्राउन ब्रेड आणा.

तिसवाडीकर: पाकिटावर पहिला घटक मैदा असेल तर तपकिरी रंग बहुधा कॅरॅमलचा.

कुळागर: म्हणून तर पोई म्हणतोय.

म्हापशेकार: 2023 च्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासात मधुमेहाचं प्रमाण गोव्यात देशात सर्वांत जास्त होतं, 26.4 टक्के. पाव बंदच करा. नाचणीची भाकरी, बस्स.

मोजमाप: नाचणीच्या 100 ग्रॅम पिठातही 65-70 ग्रॅम कार्बोहायड्रेट असतं, ती फुकटात येत नाही. आणि रातांबाताई, हे नीट वाचा: ग्लिमेपिराइड चालू असताना पाव एकदम बंद करू नका, साखर घसरू शकते. घाम, थरथर, गोंधळ दिसला तर तपासा. 70 च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, 108 ला फोन करा. न्याहारी बदलण्याआधी डोस डॉक्टरांना विचारा.

मांडवीकाठ: दंडावरचा सेन्सर लावा, चौदा दिवस सगळं दिसतं.

रातांबा: सेन्सर परवडणार नाही. आमच्याकडची पोई आत पांढरीच निघाली, वजनाला उंड्यापेक्षा जड. म्हणून उंडोच ठेवतेय, दोनऐवजी एक, शेवटी. सोबत तोणाक, बिनसाखरेचा चहा. डोसचं सोमवारी डॉक्टरांना विचारते, तोवर न्याहारी आहे तशीच.

कुळागर: दुसऱ्या पदेराची पोई बघा एकदा.