गाडी ठोकली, कुणाला फारसं लागलं नाही, पण पुढे काय? ठाणे-नवी मुंबईकरांनो, तुमचे अनुभव सांगा

ठाणे, मानपाडा

जुलैमधली संध्याकाळ, धो धो पाऊस. घोडबंदर रोडला कापूरबावडीच्या पुढे मेट्रोच्या कामामुळे गाड्या रांगत होत्या. पुढच्या रिक्षाने ब्रेक मारला, मीही मारला, पण गाडी घसरत जाऊन रिक्षाच्या मागे आदळली. वेग वीसच्या आसपास असेल. रिक्षाचा मागचा पत्रा चेपला, एक दिवा फुटला. माझा बंपर एका बाजूने लोंबायला लागला. कुणालाही खरचटलंसुद्धा नाही.

मी खाली उतरलो तेव्हा पाय थरथरत होते. पाच-सात जण जमले. त्यातला एक, ज्याचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता, तो "दहा हजार काढा आणि विषय संपवा" म्हणून ओरडायला लागला, आणि मी खरोखरच पाकीट काढलं. रिक्षावाले दादाच म्हणाले, "साहेब, आधी गाडी कडेला घ्या, मागे जाम लागलाय." गाडी बाजूला गेली आणि गर्दी पांगली. ओरडणाराही निघून गेला.

मग एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली उभं राहून आम्ही दोघं बोललो. पत्रा ठोकून घेणं आणि दिवा मिळून दोन हजार होतील, असं त्यांनी फोनवर विचारून सांगितलं. पण रिक्षा मालकाची, ते शिफ्टवर चालवतात. रिक्षा दिवसभर गॅरेजला उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई बुडणार. नुकसान म्हणजे फक्त पत्रा नव्हे, ही गोष्ट तोवर माझ्या डोक्यातच आली नव्हती. साडेतीन हजार ठरले. यूपीआयने देताना मी शेऱ्यात "रिक्षाचा पत्रा, दिवा व एक दिवसाची कमाई, हिशेब पूर्ण" असं लिहिलं आणि दोन्ही गाड्यांचे नंबर प्लेटसकट फोटो काढले.

नंतर घरी पॉलिसी पहिल्यांदा नीट वाचली. त्यात अट आहे की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय समोरच्याला चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचं वचनही द्यायचं नाही. दुसरीकडे, समोरच्याच्या नुकसानीची भरपाई थर्ड पार्टी विम्यातून मिळवायची तर त्याला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं. साडेतीन हजारांसाठी कुठला रिक्षावाला तिथे जाईल? म्हणून रस्त्यावरची मांडवली होते. मी केलं ते मला आजही बरोबरच वाटतं. पण कुणाला लागलं असतं तर मात्र असं परस्पर मिटवणं योग्य नव्हतं.

गाडी चालवायला सगळे शिकवतात, ठोकल्यानंतर काय करायचं हे कुणी शिकवत नाही. म्हणून विचारतोय. तुमच्या बाबतीत काय झालं, कुठे फसलात, कुणी मदत केली, सगळं लिहा. लहानसहान गोष्टीही लिहा.

कोपरखैरणे

आमच्या सेक्टरमधल्या गल्ल्या तुम्हाला माहीत असतील. दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, मधून एक कार कशीबशी जाते. लायसन्स मिळून दोन महिने झाले होते. वळताना माझा मागचा कोपरा एका उभ्या गाडीला घासला. आजूबाजूला कुणीच नव्हतं, आणि खरं सांगते, निघून जावं असं मनात आलं होतं.

वहीचं पान फाडून नाव, फोन नंबर आणि "माझ्याकडून घासली गेली, भरपाई देईन" एवढं लिहिलं. पाऊस होता म्हणून चिठ्ठी दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून वायपरखाली ठेवली. रात्री एका काकांचा फोन आला, माथाडी कामगार होते, आता निवृत्त. दुसऱ्या दिवशी भेटायला गेले तेव्हा ते गाडीशेजारी वाकून बोटाने दाखवत म्हणाले, "बाळ, हा वरचा पोचा जुना आहे, माझ्याच पोराने केलाय. तुझा हा खालचा ओरखडा फक्त." रंगाचे अठराशे रुपये झाले, तेवढेच घेतले. काकू चहा घेतल्याशिवाय सोडेनात.

तुर्भे एमआयडीसी

मी बॉडीशॉपमध्ये काम करतो, म्हणून आमच्या बाजूचं सांगतो.

समोरून लागलं असेल तर बंपर बघून नुकसान ठरवू नका. हल्लीचा बंपर प्लास्टिकचा. तो दबतो आणि परत फुगून जागेवर येतो, पण मागचं ब्रॅकेट वाकलेलं असतं, एसीचा कंडेन्सर फुटलेला असतो, कधी रेडिएटरला चीर असते. गिऱ्हाईक रस्त्यावर दोन हजारांत मिटवून येतं आणि आठ दिवसांनी एसी थंड करत नाही म्हणून तक्रार करतं. गाडीखाली हिरवं किंवा गुलाबी पाणी ठिबकताना दिसलं तर ते कूलंट आहे. इंजिन चालू करू नका, टोइंग बोलवा. तशीच घरापर्यंत आणलेल्या गाड्यांची इंजिनं तापून बसलेली मी पाहिली आहेत, आणि त्या वेळी विमा कंपनी "हे नुकसान अपघाताने नव्हे, नंतर गाडी चालवल्याने झालं" म्हणते.

क्लेम करायचा असेल तर आधी कंपनीला कळवा, सर्व्हे म्हणजे कंपनीकडून नुकसानीची पाहणी होऊ द्या, मगच गाडी उघडायची. जुने पार्ट सर्व्हेअरने बघेपर्यंत टाकायचे नाहीत.

लोक सगळ्यात जास्त भांडतात ते कापून येणाऱ्या पैशांवरून, आणि आमच्यावर चिडतात. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांची निम्मीच किंमत मिळते. फायबरला तीस टक्के घसारा, म्हणजे पार्ट जुना झाल्याची कपात. काचेला काहीच कापत नाहीत. पत्र्याच्या पार्टला गाडीच्या वयाप्रमाणे कापतात: पहिले सहा महिने शून्य, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ३५ टक्के, दहा वर्षांच्या वर ५० टक्के. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या कारला प्रत्येक क्लेममागे हजार रुपये आणि त्यावरच्या गाडीला दोन हजार स्वतःचे घालावे लागतात. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा पैशांचं ॲड-ऑन, घेतलं असेल तर घसारा वाचतो, हे हजार-दोन हजार वाचत नाहीत. त्यातही वर्षाला किती क्लेम चालतील याची मर्यादा पॉलिसीत बघा.

सानपाडा

वरच्या दादांचं वाचून माझा हिशेब मांडतो. पार्किंगमध्ये खांबाला दरवाजा घासला, खर्च साडेसात हजार. क्लेम करणारच होतो, भावाने कागदावर आकडे मांडून दाखवले म्हणून थांबलो.

पाच वर्षं क्लेम नसल्याने मला ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात सूट, होता. एक क्लेम केला की तो शून्यावर येतो, आणि पुन्हा २०, २५, ३५, ४५ असं चढत ५० ला पोचायला पाच वर्षं लागतात. माझ्या पॉलिसीचा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता बोनसशिवाय नऊ हजार धरला, तर पहिल्या वर्षी साडेचार हजार जादा, दुसऱ्या वर्षी सत्तावीसशे, मग साडेबावीसशे, साडेतेराशे, साडेचारशे. बेरीज सव्वा अकरा हजार. गाडी जुनी होईल तसा हप्ता उतरतो, म्हणजे थोडं कमी धरा. तरी साडेसात हजारांच्या कामासाठी, तेही कापाकापी होऊन, हा सौदा तोट्याचाच होता. बोनस सुरक्षित ठेवणारं ॲड-ऑन घेतलेलं असेल तर गणित वेगळं.

हा बोनस गाडीचा नसतो, आपला असतो. गाडी विकताना कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, नव्या गाडीला लावता येतो.

ऐरोली

माझा अनुभव किरकोळ म्हणावा का, मला माहीत नाही. गाडीला बघाल तर एक आरसा तुटला, एवढंच.

रात्री साडेनऊला ठाणे-बेलापूर रोडवरून आत वळताना डाव्या बाजूने आलेला दुचाकीवरचा मुलगा मला दिसला नाही. तो पडला. पार्सल पोचवणारा, वीस-बावीस वर्षांचा. शुद्धीवर होता, पण उठता येत नव्हतं. दोन माणसांनी मला धरून ठेवलं, तिसऱ्याने १०८ ला फोन लावला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी रस्त्यावर त्याच्या डोक्याशी बसून होते. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. तो सारखा विचारत होता, "मॅडम, पार्सल भिजलं का?"

लागलेल्या माणसाला दवाखान्यात पोचवणं आणि लवकरात लवकर, जास्तीत जास्त चोवीस तासांत पोलिसांना कळवणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे चालकाचं कर्तव्य आहे. मी रुग्णालयातूनच ११२ ला फोन केला. नवरा म्हणत होता, आधी वकिलाशी बोलू. मला ते जमलं नाही. पळून न जाता थांबले होते याची पुढे प्रत्येक ठिकाणी नोंद झाली, आणि त्याचा मला फार आधार वाटला.

पोलीस ठाण्यात पहाटे तीनपर्यंत जबाब, मग गुन्हा नोंद. भारतीय न्याय संहितेची कलमं २८१ (बेदरकारपणे गाडी चालवणं) आणि १२५ (दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं). दोन्ही जामीनपात्र, त्यामुळे ठाण्यातच जामीन झाला. पंचनामा दुसऱ्या दिवशी. गाडी तिथेच ठेवावी लागली. मोटार वाहन निरीक्षकांनी ब्रेक, स्टिअरिंग तपासून दिल्यावर चौथ्या दिवशी सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करीन असं लिहून देऊन, मिळाली. आरसी, लायसन्स, विमा, पीयूसी यांच्या प्रती इतक्या वेळा द्याव्या लागल्या की शेवटी झेरॉक्सचा संच पर्समध्येच ठेवला. विमा कंपनीला मी दुसऱ्याच दिवशी लेखी कळवलं. त्या मुलाने दावा केला तर भरपाई कंपनीने द्यायची असते, आणि त्यासाठी त्यांना वेळेत कळलेलं असावं लागतं. दावा अपघातापासून सहा महिन्यांत करावा लागतो, हे मी त्याच्या आईला स्वतः सांगितलं. घरच्यांना ते आवडलं नाही.

त्याचं पायाचं हाड मोडलं होतं. मी तीन वेळा भेटायला गेले. पहिल्यांदा त्याची आई माझ्याशी बोललीच नाही, तोंड फिरवून बसली. तिसऱ्यांदा म्हणाली, "तो चालायला लागला की कळवते." दोन महिन्यांनी खरंच तिचा फोन आला. केस अजून चालू आहे. तारीख असली की आदल्या रात्री झोप येत नाही.

ज्या माणसाने १०८ ला फोन लावला तो नाव न सांगता निघून गेला. तसं जाता येतं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३४-अ नुसार मदत करणाऱ्याला पोलीस किंवा रुग्णालय नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत. हे लोकांना माहीत असलं तर आणखी हात पुढे येतील.

ठाणे, कळवा

मी दुसऱ्या बाजूचा, दुचाकीवाला. विटाव्याजवळ कारने मागून धक्का दिला, मी हातावर पडलो. त्या धक्क्यात अंग इतकं बधिर झालं होतं की दुखतच नव्हतं. कारवाले गृहस्थ भले होते, दवाखान्यात चला म्हणत होते. मी "काही झालं नाही" म्हणून स्कूटर उचलली आणि कामावर गेलो. नंबरही घेतला नाही. सकाळी मनगट सुजून टम्म, एक्स-रेत हाड तडकलेलं. सहा आठवडे प्लास्टर, पगार नाही. आता त्या गृहस्थांना शोधणार कुठे?

खारघर

गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा नव्यासारखी दिसत होती. मला मात्र पुढचे चार महिने चालवता आली नाही. सायन-पनवेल महामार्गावर उरण फाट्यापाशी एका कंटेनरने बाजूने घासत नेलं होतं, मुलगी मागच्या सीटवर होती. तिला काही झालं नाही. पण तो पत्रा फाटतानाचा आवाज. घरातले म्हणत, एवढंसं तर झालंय. एवढंसं नव्हतं माझ्यासाठी.

बहिणीने मार्ग काढला. रविवारी पहाटे पाम बीच रोडला जायचं, ती शेजारी बसणार, मी नेरूळपासून वाशीपर्यंत चालवणार आणि परत येणार. बोलायचं नाही, सूचना द्यायच्या नाहीत. पहिल्या दोन रविवारी मी एका सिग्नलनंतर गाडी थांबवून रडले. तिने फक्त पाण्याची बाटली पुढे केली. अजूनही कंटेनर शेजारी आला की हात घट्ट होतात, आणि महामार्ग मी शक्यतो टाळते. ज्यांना असं होतं त्यांनी ते घरात स्पष्ट सांगावं.

ठाणे पूर्व, कोपरी

एक शंका आहे. गाडी मुलाच्या नावावर, तो पुण्याला असतो. परवा मी चालवत असताना आनंदनगरजवळ दुभाजकाला लागली. पुढचं चाक आणि फेंडर गेलं. माझं लायसन्स चालू आहे, वय ६७. क्लेम मिळेल का, की चालक वेगळा म्हणून नाकारतील? गुडघा डॅशबोर्डला आपटलाय, जरा सूज आहे, बाकी ठीक.

ठाणे, मानपाडा

काका, विमा गाडीचा असतो. मालकाच्या परवानगीने, वैध लायसन्स असलेला कुणीही चालवत असेल तर क्लेम चालतो. फॉर्मवर चालक म्हणून तुमचंच नाव आणि लायसन्स नंबर द्या. मुलगा चालवत होता असं लिहा म्हणून कुणी सुचवलं तर अजिबात ऐकू नका, खोट्या माहितीवर क्लेम नाकारला जातो. सही मात्र मुलाची लागेल, कारण पॉलिसी त्याच्या नावावर आहे. पॉलिसीतला १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा मालक-चालकासाठी असतो, तो तुम्हाला लागू होणार नाही, एवढं लक्षात ठेवा. चाकाला लागलंय, तर गाडी चालवत नेऊ नका, टोइंगनेच हलवा.

आणि कळव्याच्या दादांनी काय लिहिलंय ते वाचलंत ना? गुडघ्याचा एक्स-रे आजच काढा. क्लेमचा फोन त्यानंतर केलात तरी चालेल.