मदत हवी आहे: जैसलमेरचा किल्ला आणि शहर गाइडसोबत, आईचे गुडघे सांभाळून

सावलीची_वाट

मंडळी, डिसेंबरच्या शेवटी जैसलमेरला जायचं ठरलंय. आम्ही दोघं, दहा वर्षांची मुलगी आणि आई-बाबा. आई सपाटीवर छान चालते, पण चढ आणि उंच पायऱ्या तिला जड जातात. पहिल्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास जोधपूरहून पोहोचतो, दुसरा दिवस पूर्ण हातात आहे, तिसऱ्या दिवशी सकाळी परत.

एजंटने दिलेला कार्यक्रम असा: पहिल्या दिवशी दीड वाजता गाइडसोबत किल्ला, राजवाडा, जैन मंदिरं, पटवा हवेली आणि साडेचारला समच्या वाळूकडे प्रस्थान. दुसऱ्या दिवशी गडीसर तळं, बडा बाग (राजघराण्याच्या छत्र्या), कुलधरा हे ओसाड गाव, खरेदी. हे जमण्यासारखं आहे का? गाइड एजंटकडूनच घ्यावा की तिथे जाऊन ठरवावा? आणि किल्ल्याच्या आतलं हॉटेल सुचवलंय, ते घ्यावं का?

गडवाटा

हा कार्यक्रम घेऊ नका. पहिलाच दिवस कोसळणार आहे, कारण जैन मंदिरं बाहेरच्या पर्यटकांसाठी फक्त सकाळी उघडी असतात आणि दुपारी बाराला बंद होतात. दीड वाजता गेलात तर गाइड दारातूनच शिखरं दाखवेल आणि पुढे नेईल. ही सात मंदिरं म्हणजे किल्ल्यातलं सर्वांत बारीक कोरीव काम आहे, ती बाहेरून बघून परत फिरू नये.

सकाळीही त्यांची वेळ दोन टप्प्यांत असते. साधारणपणे चंद्रप्रभू, ऋषभदेव आणि पार्श्वनाथ ही आठपासून बघता येतात, बाकीची अकरा ते बारा या एका तासातच. त्यामुळे नऊला जाऊन साडेदहाला परतणाऱ्यांची निम्मी मंदिरं राहून जातात. आदल्या संध्याकाळी हॉटेलवाल्याकडून वेळेची खात्री करून घ्या, सणावाराला ती बदलते.

मी असं लावेन. पहिल्या दिवशी जेवण उरकून तीन वाजता खालच्या शहरातल्या हवेल्या, मग पाचला गडीसर. दुसऱ्या दिवशी साडेआठला किल्ला: आधी दरवाजे आणि तटबंदी, मग राजवाडा, अकराच्या ठोक्याला मंदिरांत. बाराला खाली उतरून जेवण, थोडी विश्रांती. अडीचला गाडीने कुलधरा आणि तिथूनच पुढे सम. कुलधरा शहराच्या पश्चिमेला अठराएक किलोमीटरवर, समच्याच दिशेला आहे, त्यासाठी वेगळी फेरी मारायची गरज नाही. बडा बाग मात्र उत्तरेला रामगढच्या रस्त्यावर, सहा किलोमीटर. तो तिसऱ्या दिवशी निघण्याआधी जमला तर बघा, नाहीतर सोडा.

एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांच्या लक्षात येत नाही. जैसलमेर देशाच्या अगदी पश्चिम टोकाला आहे, त्यामुळे डिसेंबरअखेर तिथे सूर्य साडेसातच्या आसपास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. सहाला उठून किल्ल्यावर गेलात तर अंधार आणि हाडं गोठवणारा गारठा, बाकी काही नाही. साडेआठला ऊन नुकतंच तटावर आलेलं असतं.

त्रिकूट

आईंच्या गुडघ्यांबद्दल. त्रिकूट टेकडी शहराच्या सपाटीपासून जेमतेम 76 मीटर उंच, म्हणजे सिंहगड-राजगडासारखी चढाई इथे नाही. अडचण वेगळी आहे. अखै पोल या पहिल्या दरवाजापासून वर जाणारा फरसबंदीचा चढ शतकानुशतकं पाय आणि खूर घासून गुळगुळीत झालाय. उतरताना पाय सटकतो, चढताना नाही. रबरी तळाचे बूट हवेत, चामडी तळाच्या मोजड्या घालून तर जाऊच नका.

वर दसरा चौकापर्यंत रिक्षा जाते. गर्दीच्या दिवसांत वाहतूक अडवतात, म्हणून सकाळी लवकर जा. आई-बाबांना रिक्षाने वर पाठवा, तुम्ही मुलीला घेऊन गाइडबरोबर चालत चढा, चौकात भेटा. चौक सपाट आहे, बसायला ओटे आहेत. चारचाकी खालीच ठेवावी लागते.

राजवाड्यात मात्र आईंना नेऊ नका. अरुंद, उंच पायऱ्यांचे जिने आहेत, ठेंगण्या चौकटी आहेत, आणि मधूनच माघारी फिरणं गर्दीत कठीण होतं. मंदिरांनाही जोत्याच्या पायऱ्या आहेत, पण थोड्या, हात धरून जमतात. चामड्याचा पट्टा, पाकीट, पर्स बाहेर ठेवावी लागते, तेव्हा त्या दिवशी कापडी पिशवीच घेऊन निघा. कॅमेऱ्याचं शुल्क वेगळं असतं.

दगडफूल

किल्ल्यावर गाइडला काय दाखवायला सांगायचं ते लिहिते. नाहीतर बहुतेक फेऱ्या 'इथून फोटो छान येतो' एवढ्यावर आटपतात.

रावळ जैसल या भाटी राजाने लोद्रवा ही जुनी राजधानी सोडून 1156 मध्ये इथे किल्ला बांधायला घेतला. आज दिसणारे 99 बुरूज मात्र त्या काळचे नाहीत, त्यातले 92 हे 1633 ते 1647 या काळात बांधले गेले. हे गाइडला आधीच सांगितलंत की तो पाठ केलेलं सोडून बोलायला लागतो.

चढताना चार दरवाजे लागतात: अखै पोल, सूरज पोल, गणेश पोल, हवा पोल. सूरज पोल ओलांडली की वाट एकदम वळते. आपल्याकडच्या गोमुखी दरवाजामागे जो विचार आहे तोच इथे आहे: हत्तीला धाव घ्यायला सरळ जागा मिळू नये आणि वळणाऱ्या शत्रूवर वरून दोन्ही बाजूंनी मारा करता यावा. त्या वळणावर उभं राहून मुलीला वर बघायला सांगा. तटाच्या माथ्यावर मोठे दगडी गोळे आणि ओंडक्यासारखे गोल दगड ओळीने मांडलेले दिसतील. ते शोभेचे नाहीत, चढून येणाऱ्यांवर ढकलण्यासाठी ठेवलेले आहेत.

मग बांधणी. तटबंदी तिहेरी आहे. सर्वांत खाली टेकडीचा पायथा आवळून धरणारी दगडी भिंत, तिच्या वर दोन तट, आणि त्या दोन तटांच्या मध्ये गस्तीची चिंचोळी वाट, तिला मोरी म्हणतात. तटाच्या सांध्यांत चुना शोधा, सापडणार नाही. पिवळा वालुकाश्म घडवून कोरडाच एकावर एक बसवलाय. पाऊस नगण्य आणि चुना कालवायला पाणी दुर्मिळ अशा मुलखात हे शहाणपणाचं होतं. घरांच्या जाळ्या आणि झरोकेही सुटे घडवून नंतर जोडलेले असतात. छतावर लाकडी तुळया आणि त्यांच्यावर मातीचा जाड थर, म्हणून मे महिन्यातही आत गारवा राहतो. एखाद्या सज्जाखाली उभं राहून नीट पाहिलंत तर दोन दगडांमधली रेघ दिसते, आणि कोरलेली वेल ती रेघ ओलांडून अखंड पुढे जाते. कारागिराचा हात तिथे कळतो.

'अडीच साके' हा विषय गाइड काढतोच. साका म्हणजे पुरुषांनी केसरिया करून, म्हणजे केसरी वेष चढवून, शेवटच्या लढाईला निघणं आणि स्त्रियांचा जौहर, दोन्ही मिळून. इथे दोन साके पूर्ण झाले, तिसऱ्या वेळी रणात माणसं पडली पण जौहराची आग पेटली नाही, म्हणून तो अर्धा. मुलीसमोर किती सांगायचं ते गाइडला आधी बाजूला घेऊन सांगून ठेवा.

संभवनाथ मंदिराखाली ज्ञानभांडार आहे. अकराव्या शतकातली ताडपत्रावरची पोथीही त्या संग्रहात आहे. बघायला मिळतो तो भाग छोटासाच, पण चुकवू नका.

सावलीची_वाट

हे सगळं एजंटच्या कागदावर एका ओळीत होतं! कार्यक्रम बदलतेय. गाइड आणि हॉटेलचं सांगाल का?

गडवाटा

गाइड हॉटेलकडून किंवा गडीसर रस्त्यावरच्या पर्यटन खात्याच्या स्वागत केंद्रातून घ्या. गळ्यात खात्याचं ओळखपत्र हवं, त्यावरचा फोटो आणि मुदत वाचा. स्टेशनपासून मागे लागतात ते गाइड नव्हेत, तिकडे त्यांना लपके म्हणतात. राजस्थानात 2010 च्या पर्यटन व्यवसाय कायद्याने असं मागे लागून त्रास देणं गुन्हा आहे. 'पोलिसांना सांगतो' एवढं शांतपणे म्हटलं तरी बहुतेक जण पांगतात.

निघण्याआधी चार गोष्टी बोलून घ्या. पैसे माणशी नाहीत, गटाचे. तास किती? किल्ला आणि हवेल्या नीट बघायच्या तर पाच तास धरा, तुमचे ते दोन दिवसांत विभागले जातील, तेव्हा एकच गाइड दोन्ही वेळा येईल का ते विचारा. तिकिटं तुमची तुम्ही खिडकीवर काढणार. आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची: दुकान नाही. पहिल्याच वाक्यात सांगा, 'खरेदी आम्ही आमची करू.' दुकानांचं कमिशन हा कित्येकांचा खरा धंदा असतो आणि पाच तासांतला दीड तास गालिचे, चांदी आणि हाबूरच्या दगडाचे पेले यांत जातो. त्या दगडाच्या पेल्यात दूध ठेवलं की विरजण न लावता दही लागतं असं सांगून ते विकतात. आवडला तर दगड म्हणून घ्या, सुंदर असतो, त्यात जीवाश्म दिसतात.

पटवा हवेलीबद्दलही आधीच विचारा. ती एक हवेली नाही, गुमानचंद पटवा यांनी पाच मुलांसाठी उभारलेल्या पाच वास्तू आहेत, काम 1805 मध्ये सुरू झालं. त्यांतल्या एकीत खाजगी संग्रहालय आहे, एक सरकारी आहे, काहींत दुकानं आहेत. तिकिटं वेगळी. सजवलेल्या खोल्या बघायच्या असतील तर खाजगी, रिकामी वास्तू आणि भिंती बघायच्या तर सरकारी. एकच निवडा. आईंना गल्लीतूनच दर्शनी भाग दाखवा, तोच सगळ्यात सुंदर आहे, आतले जिने उंच आहेत.

नथमलची हवेली (1885) जवळच आहे. हाथी आणि लालू या दोन भावांनी डावी-उजवी बाजू वेगवेगळी कोरली. दोन्ही बाजूंतले फरक शोधायला मुलीला लावा.

त्रिकूट

किल्ल्यात राहू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण सोयीचं नाही, पाण्याचं आहे. ही टेकडी अखंड कातळ नाही, वालुकाश्माच्या खाली मातीसारखे मऊ थर आहेत. घडे भरून वर पाणी नेत होते तोवर वापर बेताचा होता. नळ आले, हॉटेलांचे शॉवर आणि फ्लश आले, गटारं तेवढ्या पाण्याची नव्हती. झिरपलेलं पाणी पायातली माती फुगवतं, वाहून नेतं, आणि वरचा कोरडा रचलेला तट सरकतो. बुरूज ढासळले आहेत. 1996 मध्ये धोक्यातल्या वारशांच्या जागतिक यादीत या किल्ल्याचं नाव आलं होतं. 2013 पासून तो राजस्थानच्या पाच इतर किल्ल्यांसोबत जागतिक वारसा आहे. आत पिढ्यानपिढ्या राहणारी कुटुंबं आहेत, त्यांचं तिथे राहणं हा किल्ल्याचा प्राणच आहे. पर्यटकाने मात्र खाली राहावं. चहा प्या, जेवा, दुकानांतून घ्या, त्यांचं पोट चालतं. आंघोळ खाली करा.

शिवाय तुमच्या सोयीचंही तेच आहे: आतल्या हॉटेलांना सामान गल्लीतून हाताने न्यावं लागतं आणि खोल्या जिन्यावर असतात. तळमजल्याची खोली आणि गच्चीवरून किल्ला दिसणारं खालचं हॉटेल मागा.

सावलीची_वाट

पटलं, खालचंच बघते. समऐवजी खुरी चांगली असं कुणी म्हणालं. आणि कुलधऱ्याच्या भुताच्या गोष्टींनी मुलगी घाबरणार नाही ना?

दगडफूल

खुरीला गर्दी कमी हे खरं, पण ती नैऋत्येला आहे, कुलधरा वाटेत येत नाही. तुमच्या वेळेत समच. अंतर साधारण 40 किलोमीटर, पावणेपाचपर्यंत पोहोचा. डिसेंबरअखेर तिथे जत्रेसारखी गर्दी असते. रस्त्याला लागून असलेल्या पहिल्या टेकाडावर थांबू नका, उंटवाल्याला अजून आत न्यायला सांगा आणि तेवढ्या अंतराचाच दर ठरवा. आईंना उंटावर बसवू नका: उठताना तो आधी मागचे पाय सरळ करतो, बसणारा जोरात पुढे झुकतो, गुडघे आणि कंबर दोन्हींना हिसका बसतो. उंटगाडी मिळते, ती घ्या. जीपची टेकाडांवरची उडवाउडवी तर मुळीच नको. सूर्य गेला की वाळू झपाट्याने थंड होते, कानटोप्या आणि मोजे गाडीत न ठेवता हाताशी ठेवा.

कुलधऱ्यात गाइडला भुतं सोडून पाण्याचं विचारा. पालीवाल ब्राह्मणांचं हे गाव, आसपासच्या 84 गावांतलं एक मानलं जातं. दिवाण सालिम सिंहाचा जाच आणि करांचा बोजा यांमुळे ते एका रात्रीत उठून गेले अशी कथा सांगतात. पाणी आटत गेलं हे कारणही अभ्यासक देतात आणि मला ते जास्त पटतं. पण इतक्या कोरड्या मुलखात ते गहू पिकवत, तो खडीन पद्धतीने. उताराच्या पायथ्याशी मातीचा लांब बांध घालायचा, वरच्या खडकाळ माळावरून वाहून येणारं थोडंसं पावसाचं पाणी तिथे अडवायचं, ते जमिनीत मुरू द्यायचं, आणि पाणी ओसरलं की त्या ओलीवर रब्बी पेरायची. जमिनीखाली जिप्समचा थर असेल तर ओल खाली निसटत नाही, म्हणून जागा निवडणं हेच खरं कसब. या भागात आजही खडीन आहेत, रस्त्याकडेला मध्येच हिरवा पट्टा दिसला की गाडी थांबवायला सांगा. दहा वर्षांच्या मुलीला हे भुतापेक्षा नक्की जास्त आवडेल, हातात काठी देऊन वाळूत बांध घालून दाखवा.

पहिल्या संध्याकाळी गडीसरला तिलोंच्या पोलीतून आत शिरा. नळ येण्याआधी शहर या तळ्यावर जगायचं. काठ बहुतेक सपाट आहे, आई तिथे तासभर आरामात बसतील. फक्त घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, माशांना खायला घालायला तिथपर्यंत उतरू देऊ नका.