गेम डेव्हलपमेंटचा कोर्स, साडेतीन लाख भरावेत का? (ठाणे)

कळव्याची_मेधा
नमस्कार मंडळी. मुलगा यंदा बारावी सायन्स झाला, ६८ टक्के, सीईटीत फारसं काही झालं नाही. त्याला गेम बनवायला शिकायचंय. खेळायला नाही, बनवायला, हे तो मला रोज सांगतो आणि खरंच रात्री बसून काहीतरी खुडबुड करत असतो. परवा स्टेशनजवळच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन आलो. दीड वर्षाचा कोर्स, फी ३ लाख ४० हजार, हप्त्याने भरायची सोय आहे म्हणाले, आणि या आठवड्यात नाव घातलं तर ४० हजार सूट. प्लेसमेंट शंभर टक्के असंही बोलले, पण कागदावर "प्लेसमेंट साहाय्य" लिहिलंय. आमचे हे वागळे इस्टेटला कंपनीत आहेत, घराचा हप्ता चालू आहे, त्यामुळे ही रक्कम आमच्यासाठी खूप मोठी आहे. असा कोर्स करून नोकरी लागते का? सोबत बीएस्सी आयटी करावं की नको? आणि घरात लॉकडाऊनमध्ये घेतलेला ८ जीबीचा लॅपटॉप आहे तो चालेल का, की नवीन घ्यावा लागेल? कोणी या क्षेत्रातलं असेल तर प्लीज सांगा.

ऐरोलीचा_कोडर
ताई, मी गेमप्ले प्रोग्रामर आहे, सात वर्षं झाली. जरा मोठं लिहितोय कारण हाच प्रश्न मला सोसायटीत पण तीन जणांनी विचारलाय.

पहिलं म्हणजे गेम डेव्हलपमेंट ही एक नोकरी नाही. कोड लिहिणारा वेगळा, थ्रीडी मॉडेल करणारा वेगळा, अ‍ॅनिमेशनवाला वेगळा, लेव्हल आणि नियम ठरवणारा डिझायनर वेगळा, टेस्टिंगवाले वेगळे. दीड वर्षात सगळं शिकवतो म्हणणारा कोर्स प्रत्येक गोष्टीला चार महिने देतो, आणि चार महिन्यांत कोणी यातलं काहीच धड शिकत नाही. त्यामुळे आधी मुलाला विचारा की रात्री तो नक्की काय करतो, कोड की चित्रं. ते कळल्याशिवाय कुठेच पैसे भरू नका.

दुसरं, सॉफ्टवेअरचे पैसे फीमध्ये धरलेत असं कोणी सांगितलं तर मानू नका. गेम बनवायची मुख्य सॉफ्टवेअर तीन, युनिटी, अनरियल आणि गोडो. युनिटी शिकणाऱ्याला फुकट आहे, वर्षाला २ लाख डॉलर कमाई होईपर्यंत पर्सनल व्हर्जन चालतं. अनरियल पण फुकट, गेमने १० लाख डॉलर कमावल्यावर पुढच्या कमाईवर ५ टक्के. गोडो तर पूर्ण ओपन सोर्स, कोणाला एक रुपया द्यायचा नाही. मॉडेलिंगला ब्लेंडर, तेही फुकट. तुमच्या ८ जीबीवर गोडो मजेत चालेल, अनरियलला मात्र तो लॅपटॉप रडेल. आत्ता नवीन घेऊ नका.

एकाच सॉफ्टवेअरवर जीव पण टाकू नका. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये युनिटीने गेम बनवणाऱ्यांना प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे लावायची घोषणा केली, कितीतरी लोक रातोरात गोडोकडे गेले, आणि मग वर्षभराने युनिटीने ती फी रद्द केली. ज्यांचा पाया पक्का होता त्यांना फरक पडला नाही.

पाया म्हणजे बारावीचंच गणित. मुलाला सांगा, व्हेक्टरचा धडा परत काढ. शत्रूच्या पुढ्यात हिरो उभा आहे की पाठीमागे हे कसं ओळखायचं? शत्रू ज्या दिशेला बघतोय तो व्हेक्टर आणि शत्रूपासून हिरोकडे जाणारा व्हेक्टर, दोघांचा डॉट प्रॉडक्ट काढायचा, पॉझिटिव्ह आला तर पुढे, निगेटिव्ह आला तर मागे. परीक्षेसाठी पाठ केलेलं ते सूत्र मी आठवड्यातून दोनदा तरी वापरतो. हे मुलाला आवडलं, हाताने करून बघावंसं वाटलं तर तो प्रोग्रामिंगला लागेल.

फ्रेशरचा इंटरव्ह्यू घेताना मी सर्टिफिकेट उघडत नाही. त्याच्या गेमची लिंक उघडतो, दोन मिनिटं खेळतो आणि विचारतो, ही उडी कशी लिहिलीस, कड्यावरून पाय सुटल्यावर पण क्षणभर उडी मारता येते ती मुद्दाम ठेवलीस का. ज्याने युट्यूब बघून उतरवलंय तो तिथे गप्प होतो. ज्याने स्वतः डोकं फोडलंय तो अर्धा तास बोलतो, त्याला थांबवावं लागतं!

तर माझं म्हणणं, सहा आठवडे द्या. एकच छोटा गेम, एका स्क्रीनचा, पण पूर्ण. मेनू, आवाज, पॉझ, हरल्यावर परत सुरू, सगळं हवं. इच डॉट आयओ म्हणून छोट्या गेमची वेबसाइट आहे, तिथे टाकायला पैसे लागत नाहीत. अर्धवट दहा गेम असलेली पोरं खूप येतात हो, पूर्ण एक असलेलं पोर क्वचित. आणि बीएस्सी आयटी नक्की करू दे, ठाण्यातच चांगली कॉलेजं आहेत. डिग्री नसली की काही कंपन्यांत अर्ज पुढेच जात नाही.

सेक्टर_अकरा
मेधाताई, हप्त्याबद्दल मी सांगते कारण मी त्यात अडकले होते. २०२१ ला नवी मुंबईतल्या एका इन्स्टिट्यूटमध्ये नाव घातलं, चार महिन्यांत शिकवणारे सर सोडून गेले, मग आमच्या आधीच्या बॅचचाच एक मुलगा शिकवायला आला, त्याला आमच्या शंकांची उत्तरं येत नव्हती यात त्याचा बिचाऱ्याचा दोष नाही. मी सोडलं. पण ती "हप्त्याची सोय" म्हणजे फायनान्स कंपनीचं कर्ज होतं बाबांच्या नावावर, इन्स्टिट्यूटला पैसे आधीच मिळालेले, आणि आम्ही दोन वर्षं न शिकलेल्या कोर्सचे हप्ते भरले, नाही भरले तर सिबिल खराब. बाबा काही बोलले नाहीत पण मला अजून वाईट वाटतं.

म्हणून सही करायच्या आधी कर्जाचा कागद घरी आणून वाचा. मधेच सोडलं तर किती परत ते लेखी घ्या. शिकवणाऱ्याचं नाव कुठल्या रिलीज झालेल्या गेमच्या क्रेडिट्समध्ये आहे ते विचारा. आणि मागच्या बॅचच्या पाच जणांशी स्वतः फोनवर बोला, भिंतीवरच्या फोटोंवर जाऊ नका.

मी नंतर टेस्टिंगमधून आत शिरले, त्याला कमी समजू नका. "गेम बंद पडला" असं लिहिणाऱ्याला कोणी ठेवत नाही. कुठला फोन, कुठलं व्हर्जन, कुठली बटणं कुठल्या क्रमाने दाबली, दहापैकी किती वेळा झालं, सोबत व्हिडिओ, असं लिहिता आलं की प्रोग्रामर तुमचं नाव लक्षात ठेवतात. हे घरबसल्या शिकता येतं.

घोडबंदर_७७
नोकऱ्यांचं थोडक्यात. युबिसॉफ्टचे स्टुडिओ पुण्यात आणि मुंबईत दोन्हीकडे आहेत. "राजी" हा २०२० चा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्सने केला, सुपरगेमिंग पण पुण्याचीच. म्हणजे पुण्याला राहायची तयारी ठेवा. सध्या बाजार घट्ट आहे, २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा आला, रमी-फँटसीवाल्यांनी माणसं कमी केली आणि ती अनुभवी माणसं आता त्याच जागांसाठी उभी आहेत. खासगी कोर्सच्या आधी मुंबईतली सरकारची आयआयसीटी (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज) पण बघा, २०२५ मध्येच सुरू झाली, अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगसाठीच आहे.

कळव्याची_मेधा
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही तिघांनी बसून वाचलं. सेक्टर_अकरा, तुझं वाचून हे बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले उद्याच फोन कर. सकाळी इन्स्टिट्यूटला फोन केला, कर्जाचा कागद मागितला, तर नोंदणीचे २५ हजार भरल्यावरच दाखवू म्हणाले. मी नको म्हणून सांगितलं. बीएस्सी आयटीचा फॉर्म भरतोय.

मुलाने गेम ठरवलाय. ठाणे स्टेशन, दोन नंबरला उतरायचं आणि वाशी गाडी सुटायच्या आत पुलावरून गर्दीतून नऊ नंबरला पोचायचं. तो विचारतोय चित्रं कोणाकडून काढून घेऊ, त्याला काढता येत नाहीत.

ऐरोलीचा_कोडर
आयडिया मस्त आहे, रोज जगतो आम्ही ती! चित्रं आत्ता नकोतच. हिरो म्हणजे एक निळा चौकोन, गर्दी म्हणजे राखाडी चौकोन. पहिल्या आठवड्यात निळा चौकोन जिना चढून पुलावर पोचला पाहिजे आणि धक्का लागला की हळू झाला पाहिजे, एवढंच. रविवारी लिंक इथे टाकायला सांगा, खेळून बघतो.