तडजोडीच्या हवामान कायद्याला चळवळीनं पाठिंबा द्यावा का?

ऋतुमान
कार्बनला किंमत लावणारं विधेयक आलं की चळवळीत हमखास दोन तट पडतात. उद्दिष्ट अपुरं, उत्सर्जनाचे परवाने फुकट, वर ऑफसेटना (स्वतः उत्सर्जन कमी न करता दुसरीकडच्या घटीचं श्रेय विकत घेणं) मोकळं रान. पण ते पडलं तर पुढची संधी कधी येईल सांगता येत नाही. विज्ञान सांगतं तेवढं मागायचं की पदरात पडेल ते घ्यायचं, या वादात महिने जातात आणि तोवर मसुदा ठरलेला असतो. निर्णय नेमका कशावर घ्यावा? मसुद्यात आधी काय तपासावं आणि पाठिंबा कधी जाहीर करावा?

कलमवार
उद्दिष्टाचा आकडा शेवटी बघा. आज हातात असलेलं कुठलं हत्यार हा कायदा काढून घेतो, ते आधी बघा.

अमेरिकेतलं उत्सर्जनाच्या परवान्यांचा बाजार उभारणारं वॅक्समन-मार्की विधेयक 26 जून 2009 ला प्रतिनिधिगृहात 219 विरुद्ध 212 मतांनी मंजूर झालं. भांडण झालं ते मुख्यतः 2005 च्या तुलनेत 2020 पर्यंत 17 टक्के घट पुरेशी आहे का यावर. खरी मेख पुढच्या पानांत होती. सुरुवातीला सुमारे 85 टक्के परवाने फुकट जाणार होते. वर्षाला 2 अब्ज टनांपर्यंत ऑफसेट चालणार होते, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या उत्सर्जनाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. धुराड्यातून काहीच कमी न करता कंपन्यांना बरीच वर्षं काढता आली असती. आणि स्वच्छ हवा कायद्याखाली हरितगृह वायूंवर कारवाई करण्याचे पर्यावरण संरक्षण संस्थेचे काही अधिकार जाणार होते. माझ्या मते विरोध करण्याजोगं कलम हेच होतं. विधेयक सेनेटमध्ये मतदानालाच आलं नाही, अधिकार मात्र वाचले.

आकडा शेवटी का? ब्रिटनचा 2008 चा कायदा बघा. मसुद्यात 2050 साठी 60 टक्के घट होती, चळवळीच्या रेट्यानं ती 80 झाली. त्याहून मोठी कमाई म्हणजे पाच-पाच वर्षांची कार्बन बजेटं (त्या काळातल्या उत्सर्जनाची कमाल मर्यादा) आणि स्वतंत्र सल्लागार समिती. चौकट भक्कम असल्यामुळे 2019 मध्ये 80 चे 100 टक्के करायला नवा कायदा लागला नाही, आदेशावर भागलं.

म्हणून मसुदा हाती आला की तीन रकाने आखा: काय जातं, काय नव्यानं उभं राहतं, आणि विधिमंडळात परत न जाता काय कडक करता येतं. तिसरा रकाना रिकामा असेल तर आकडा कितीही चांगला असो, सावध राहा.

दक्षिणगोल
आकडा इतका दुय्यम मानणं मला पटत नाही. ऑस्ट्रेलियात 2009 च्या कार्बन परवान्यांच्या योजनेत 2020 पर्यंत, 2000 च्या तुलनेत, बिनशर्त घट होती फक्त 5 टक्के. ग्रीन पक्षानं विरोधी मत दिलं आणि 2 डिसेंबरला विधेयक 41 विरुद्ध 33 मतांनी पडलं. पुढे त्याच पक्षाच्या पाठिंब्यानं जास्त चांगला कायदा आला, 1 जुलै 2012 पासून कार्बनच्या टनाला 23 ऑस्ट्रेलियन डॉलर. 2014 मध्ये तो रद्द झाला. हातचं सोडून पळत्यामागे लागले, असं एक बाजू आजही म्हणते. पण पहिली योजना तरी सत्ताबदलात टिकली असती, हे कशावरून?

टिकलं काय, ते बघा: स्वच्छ ऊर्जेला कर्ज देणारं वित्त महामंडळ आणि अक्षय ऊर्जा संस्था. दोन्ही स्वतंत्र कायद्यांखाली होत्या, त्यामुळे त्या मोडायला वेगळी मतं लागत होती आणि ती सेनेटमध्ये जमली नाहीत. निधी आणि संस्था वेगळ्या कायद्यात घाला, ही मागणी पहिल्या बैठकीपासून लावून धरा.

तारीखवार
वेळेबद्दल. न सोडायच्या अटी दोन किंवा तीनच असाव्यात आणि मसुदा यायच्या आधी लेखी ठराव्यात. नंतर ठरवल्या की ज्याचा आवाज मोठा त्याच्या अटी होतात. समितीच्या टप्प्यावर नुसता निषेध नको. कलम क्रमांक आणि पर्यायी मजकूर द्या. पाठिंबा अंतिम मजकूर वाचल्यावरच. आधी दिलात की तुमचं मत मोजून टाकतात आणि सवलती दुसऱ्या बाजूला जातात. सगळ्या संघटनांनी एकच निवेदन काढायचा हट्ट नको. ‘मतदानाला हरकत नाही, पण अमुक कलमाविरुद्ध लढू’ ही भूमिकाही चालते.

अमेरिकेच्या 2022 च्या हवामान कायद्यात (इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्ट) समुद्रातल्या पवनऊर्जेच्या भाडेपट्ट्यांसाठी अट होती: आधीच्या वर्षभरात तेल-वायूसाठी 6 कोटी एकर लिलावात काढलेलं हवं. शिवाय कायद्याबाहेर एक वेगळा सौदा होता, ऊर्जा प्रकल्पांना झटपट परवानग्या आणि माउंटन व्हॅली ही वायूची पाइपलाइन. सप्टेंबर 2022 मध्ये चळवळीनं तो रोखला. जून 2023 च्या कर्जमर्यादेच्या कायद्यातून पाइपलाइन तरीही मंजूर झाली. मतदानानंतर दमलेल्या संघटना पांगतात, नेमकं तेव्हाच हे घडतं. निदान वर्षभराची माणसं आणि पैसा राखून ठेवा.

2022 च्या कायद्याचा मोठा भाग करसवलतींवर उभा होता. साध्या बहुमतानं आलेल्या त्या सवलती जुलै 2025 मध्ये साध्या बहुमतानंच छाटल्या गेल्या.

ऋतुमान
तीन रकाने आणि वेगळा कायदा, दोन्ही उपयोगी. पण प्रदूषणाशेजारी राहणाऱ्या वस्त्या म्हणतात की परवान्यांच्या बाजारामुळे त्यांच्या दारचा धूर तसाच राहतो. त्यांना काय सांगायचं?

कलमवार
सांगायचं नाही, मसुदा लिहितानाच बोलवायचं. वॉशिंग्टन राज्यात 2016 चा कार्बन कर मतदारांनी फेटाळला. जमलेला सगळा पैसा करकपातीत परत जाणार होता, म्हणून वस्त्यांच्या आणि कामगारांच्या बऱ्याच संघटना दूर राहिल्या. तिथल्याच 2021 च्या परवाना-बाजाराच्या कायद्यात निधीचा किमान 35 टक्के लाभ प्रदूषणाचा भार सोसणाऱ्या वस्त्यांना, असं कलमच घातलं, आणि तिथल्या हवेची मोजणीही. 2024 मध्ये तो रद्द करायचा प्रस्ताव सुमारे 62 टक्के मतदारांनी नाकारला.